धबधब्याकाठी डबा शोधायचा तर

प्रश्न बेळगावातल्या वडगावहून आला आहे. घरात नवरा-बायको, ८ आणि ११ वर्षांची दोन मुलं, पुण्याहून आलेला कॉलेजातला भाचा आणि ६४ वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात, पण घरी बसायला त्या तयार नाहीत. दसऱ्याच्या सुट्टीत एका दिवसात जाऊन यायचं, थोडं चालायचं, धबधबा बघायचा. भाच्यानं मुलांना जिओकॅशिंगचं, म्हणजे कुणीतरी लपवलेले डबे जीपीएसच्या आकड्यांवरून शोधायच्या खेळाचं, वेड लावलंय, पण अ‍ॅप उघडलं की आपल्या भागात डबेच फारसे दिसत नाहीत. तेव्हा वज्रपोहा करावा की गोकाक, आणि डबे नाहीत तर खेळायचं काय?

ताई, वज्रपोहा आधी डोक्यातून काढा. खानापूर तालुक्यात गवाळी आणि चापोलीच्या मधे, जांबोटीच्या डोंगरात म्हादई कड्यावरून खाली पडते. देखणा धबधबा आहे, वाद नाही. पण वाट दाट रानातली, वनखात्याची परवानगी लागते, आणि पावसात त्या पट्ट्यातल्या धबधब्यांवर जायला बऱ्याचदा बंदीच असते. भीमगड अभयारण्य तिथून लांब नाही. २०११ साली जाहीर झालेलं, १९० चौरस किलोमीटरचं ते रान अस्वलांचं आणि गव्यांचं आहे. ८ वर्षांचं पोर आणि दुखऱ्या गुडघ्यांची आजी घेऊन जायची ती जागा नव्हे. पोरं दहावीत गेली की जा, वाटाड्या घेऊन.

तुमच्यासाठी गोडचिनमलकी, आणि परतीच्या आधी गोकाक. मी वीसेक वर्षं घरची-दारची मंडळी घेऊन या भागात फिरतोय. पहिल्यांदा येणाऱ्या कुटुंबाला मी हाच रस्ता देतो. पाच्छापूरवरून गेलात की गोडचिनमलकी गाव येतं आणि तिथून धबधबा साधारण दोन किलोमीटर. मार्कंडेय नदी दोन टप्प्यांत पडते. पहिला टप्पा २५ मीटरचा, थोडं पुढं दुसरा १८ मीटरचा. गोकाकला घटप्रभा एकाच उडीत ५२ मीटर खाली येते. तिथं चालणं कमी आणि बघणं जास्त, म्हणून तो दुपारनंतर ठेवायचा. थकलेल्या पोरांना तो पुरतो.

मुलांना गाडीतच एक गोष्ट सांगून ठेवा. बेळगावच्या नळाला राकसकोपचं पाणी येतं आणि हिडकलचंही. राकसकोपचं धरण मार्कंडेयवर, हिडकलचं घटप्रभेवर. म्हणजे ज्या दोन नद्या तुम्ही बघायला निघालाय त्याच रोज सकाळी तुमच्या घरात येतात. माझ्या पुतणीला हे कळल्यावर ती धबधब्यापेक्षा जास्त वेळ नळाकडे बघत बसली होती.

यातूनच महत्त्वाचा मुद्दा निघतो, आणि बाकी काही विसरलात तरी हा विसरू नका. गोकाकचा परिसर कोरडा आहे, तिथं पाऊस असा पडतोच किती! तिथलं पाणी वरून, घाटाकडून येतं. घटप्रभेवर वर हिडकलचं धरण, मार्कंडेयवर शिरूरचं. धरणं भरली की दारं उघडतात, आणि ती उघडताना तुमच्या डोक्यावर ऊन आहे की ढग हे कोणी बघत नाही. ‘आज पाऊस नाही, चला पाण्यात’ हे वाक्य जांबोटीकडं निम्मं खरं असेल, गोकाककडं साफ खोटं आहे. आदल्या दिवशी पेपरात धरणाच्या विसर्गाची बातमी बघा. गावात पोचल्यावर पहिल्या टपरीवर विचारा. तिकडं बोलणं कानडीत चालतं, म्हणून एवढं वाक्य मुलांकडून पाठ करून घ्या: ‘नीर जास्ती ऐतेन्री?’ पाणी जास्त आहे का हो? लहान पोरानं तोडक्यामोडक्या कानडीत विचारलं की म्हातारी माणसं हातातलं काम सोडून नदीचा आठवड्याचा हिशेब देतात. एवढी खात्रीची माहिती कुठल्या अ‍ॅपवर मिळायची नाही.

पोचल्यावर आमचा पहिला खेळ डब्याचा नसतो, दगडाचा असतो. काठापासून चांगलं लांब उभं राहून पाण्याच्या कडेचा एक ठळक दगड हेरायचा, ज्याचं निम्मं अंग पाण्यात आणि निम्मं बाहेर आहे असा. त्याचा फोटो काढायचा. धाकट्याला घड्याळ देऊन दर पंधरा मिनिटांनी तो दगड बघायला लावायचा. दगड बुडायला लागला, पाणी गढूळ झालं, पाला-काटक्या वाहत यायला लागल्या किंवा आवाज जड झाला, यातलं एक जरी झालं तरी सगळ्यांनी वर. चर्चा वर गेल्यावर. दगडाची राखण करणारं पोर त्या दिवशी सगळ्यात मोठं असतं, बापालाही ओरडून वर काढतं. आणि खालच्या डोहात उतरायचं नाही, कुणीच नाही, पोहता येणाऱ्यानं तर मुळीच नाही.

आता जिओकॅशिंग. सासूबाईंनी विचारलं तर सांगा, कॅश म्हणजे इथं रोकड नव्हे, लपवून ठेवलेली वस्तू. २ मे २००० रोजी अमेरिकेनं नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली, त्यामुळे साध्या माणसाच्या यंत्रालाही जागा काही मीटरच्या आत सापडायला लागली. लगेच दुसऱ्या दिवशी, ३ मेला, ओरेगॉन राज्यात डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थांनी रानात एक बादली ठेवली, आत वही-पेन्सिल आणि किरकोळ वस्तू टाकल्या आणि जागेचे आकडे इंटरनेटवर जाहीर केले. खेळ तेवढाच आहे. डबा शोधा, वहीत नाव लिहा, काही घेतलं तर तेवढ्याच किमतीचं काही ठेवा, डबा होता तसा लपवा. प्रत्येक डब्याला दोन आकडे असतात, शोधायला किती अवघड आणि पोचायला किती अवघड, १ ते ५. मुलांबरोबर पोचण्याचा आकडा दोनच्या वर गेला की सोडून द्या. शोधण्याचा कितीही असू दे, त्यात पडायची भीती नसते.

आकडे टाकताना एक चूक सगळे करतात. या खेळात अक्षांश-रेखांश अंश आणि मिनिटांत देतात, आणि आपल्या मोबाईलचा नकाशा बऱ्याचदा नुसत्या दशांशात घेतो. समजा डबा १५ अंश ५१.३०० मिनिटं उत्तर, ७४ अंश ३०.५०० मिनिटं पूर्व इथं आहे, म्हणजे बेळगाव शहरात. भाच्यानं घाईत १५.५१३ आणि ७४.३०५ असं टाकलं की नकाशा तुम्हाला जवळजवळ ४४ किलोमीटर नैऋत्येला, भीमगडच्या रानाकडे धाडतो. मिनिटांना ६० नं भागायचं असतं. ५१.३ भागिले ६० म्हणजे ०.८५५, म्हणून बरोबर आकडा १५.८५५. पाचवीतल्या पोराला हे गणित जमतं, आणि डबा मिळणार असेल तर आनंदानं जमतं.

आपल्याकडं डबे कमी आहेत, तुमची तक्रार खरी आहे. पण म्हणून कुठंतरी नवा डबा ठेवून जाहीर करायच्या भानगडीत लगेच पडू नका. जागेच्या मालकाची परवानगी हवी, दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवं, खड्डा खणून पुरलेला चालत नाही, आणि ठेवणाऱ्यानं अधूनमधून जाऊन बघायला हवं. अभयारण्यात तर काहीच ठेवू नका. पुलाला, धरणाला, रेल्वेच्या हद्दीत, गिरणीच्या भिंतीला बेवारस डबा दिसला तर लोक पोलिसांना फोन करतील, आणि बरोबरच करतील.

आम्ही करतो तो घरचा प्रकार सांगतो. एक मोठा माणूस अर्धा तास पुढं जातो, डबा ठेवतो, आकडे वहीत लिहून परत येतो. पोरं शोधतात. संध्याकाळी डबा आपल्याबरोबर घरी. कुठं जाहीर करायचं नाही, मागं काही सोडायचं नाही. डबा घट्ट झाकणाचा, पारदर्शक, दुपारच्या डब्याएवढा. आत छोटी वही आणि पेन्सिल. पेन नको, ओलसर कागदावर बॉलपेन रुसतं. खाऊ अजिबात ठेवायचा नाही. माकडं, मुंग्या आणि घुशी तुमच्या पोरांपेक्षा शोधायला हुशार आहेत. अदलाबदलीला गोकाकची लाकडी खेळणी छान, ती छोटी छोटी रंगीत फळं-भाज्या असतात ती. डब्यावर मोठ्या अक्षरात ‘मुलांच्या खेळाचा डबा’ आणि एक फोन नंबर, मराठीत आणि कानडीत. पाट्यांवरून आपल्याकडं काय काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. डब्यावर मात्र दोन्ही भाषा ठेवा, सापडणारा कोण असेल सांगता येत नाही.

आकडे घेताना घाई नको. उघड्या माळावर मोबाईल तीन ते पाच मीटरच्या आत जागा सांगतो. पण उंच कड्याजवळ किंवा दाट झाडीत उपग्रहांचा संदेश दगडावर आपटून फिरून येतो, आणि बाण भरकटतो. मी एकाच जागी तीनदा आकडा घेतो, मधे पाच-सात मिनिटं जाऊ देतो. एकदा गोडचिनमलकीच्या खालच्या टप्प्याजवळ अक्षांशाचे शेवटचे तीन आकडे आले ४१२, ४१८ आणि ४०९. सरासरी ४१३. शेवटच्या आकड्यात एकाचा फरक म्हणजे जमिनीवर जवळजवळ १.८५ मीटर, म्हणजे ४०९ पासून ४१८ पर्यंत साडेसोळा मीटर झाले की! त्या साडेसोळा मीटरात काय काय येतं ते मान वर करून बघितलं पाहिजे. मी बघितलं नव्हतं.

दहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याच खालच्या टप्प्यावर मी एका झुडपाच्या बुडाशी डबा ठेवला, एकदाच आकडा घेतला आणि वर आलो. माझ्या बहिणीचा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. मोबाईल हातात, नजर बाणावर. डबा त्याच्या डावीकडं होता, बाण त्याला उजवीकडं, पाण्याकडं दाखवत होता. तो निघाला सरळ. तिथले दगड सपाट पायऱ्यांसारखे आहेत, लांबून अंगणासारखे दिसतात, पण ओल्या भागावर हिरवट शेवाळ असतं, त्यावर पाय पडला की संपलं. पोरगं बसल्या जागी सरकत सहा-सात फूट गेलं. पुढच्या खाचेत पाय अडकला म्हणून थांबलं. मोबाईल मात्र गेला. पोराला खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. बहीण मला काही बोलली नाही, ते जास्त लागलं. चूक पोराची नव्हती, मोबाईलचीही नव्हती. पाण्याच्या बाजूला डबा ठेवणाऱ्याची होती.

तेव्हापासून आमचे नियम ठरलेत. डबा नेहमी वाटेच्या डोंगराकडच्या अंगाला ठेवायचा, पाण्यापासून किमान पन्नास पावलं दूर, म्हणजे बाण कितीही चुकला तरी ओल्या दगडावर नेत नाही. मोबाईल बघणाऱ्यानं चालायचं नाही, चालणाऱ्यानं मोबाईल बघायचा नाही. थांबा, बघा, खिशात घाला, चाला. शेवटच्या दहा मीटरवर मोबाईल आईकडं द्यायचा आणि पुढचं डोळ्यांनी शोधायचं. खरी गंमत तिथंच असते. डबा कमरेच्या उंचीवर, दिसेल असा, हात कुठं घालावा लागणार नाही असा. कपारीत, ढोलीत, दगडाखाली ठेवलेला डबा म्हणजे पोराला विंचवाच्या घरात हात घालायला शिकवणं आहे. त्या खडकाळ भागात फुरसंही असतं. भाच्याला हे बजावून सांगा. कॉलेजातल्या पोरांना अवघड जागी लपवायची फार हौस असते. चुकून काही चावलंच तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिक-बिंत्रिक नाही. पाय हलू न देता सरळ दवाखाना.

वाटेवरच्या लोकांचंही सांगून ठेवतो. सहा माणसं झुडपांत वाकून काही शोधतायत हे दृश्य गावात कुणालाच साधं वाटत नाही. एकदा शेळ्या राखणारे एक आजोबा आले. ‘एन कळदैत्री?’ काय हरवलंय? मी कानडीत समजावायला लागलो, उपग्रह, आकडे, डबा. त्यांनी मान डोलावली. तेवढ्यात वाटेनं दोन बायका आल्या, त्यांना त्यांनी सांगितलं की पाहुण्यांचं मंगळसूत्र पडलंय. मग त्याही शोधायला लागल्या. शेवटी आजोबांनीच काठीनं फांदी बाजूला केली आणि डबा काढून माझ्या हातात दिला. ‘हे तुमचंच काय?’ पोरांनी असा चेहरा केला की विचारू नका. वहीत त्या दिवशीचं पहिलं नाव त्या आजोबांचं आहे, म्हणजे अंगठा आहे. आता मी आधीच सांगतो, मुलांचा खेळ आहे, तुम्हाला दिसला तर गप्प बसा. मग तेही मिश्या पिळत गप्प बसतात.

सासूबाईंना खाली उतरवू नका. घडीची खुर्ची न्या आणि वरून धबधबा दिसतो तिथं सावलीत बसवा, जोडीला एक मोठं माणूस ठेवा. पण नुसत्या बसवू नका, माणूस कंटाळतं. दुसरा डबा त्यांच्याजवळ द्या. खालचा डबा सापडला की त्यात चिठ्ठी निघते, चिठ्ठीतलं कोडं आजीला विचारायचं, उत्तर मिळालं तरच दुसरा डबा. आजीच्या पोतडीतले उखाणे आणि हुमाणं अशी बाहेर येतात की पोरं पुन्हा पुन्हा धावत वर येतात. चढण आपोआप होते, कुणी ‘पाय दुखले’ म्हणत नाही.

वेळेचं म्हणाल तर घर सहाच्या आसपास सोडा. आठ वर्षांच्या पोराचा दगडी वाटेवरचा वेग ताशी दोन किलोमीटर धरा, त्यातही थांबणं धरा. खाली उतरताना पोरं पळतात, वर येताना उचलावी लागतात. म्हणून बारा वाजता, डबा सापडो न सापडो, परत फिरायचं. जिओकॅशिंगमध्ये न सापडलेल्या डब्याचीही नोंद करतात, त्यात कमीपणा नाही. पाणी माणशी दोन लिटर घरून, नदीचं पिऊ नका. जेवण दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही-भात. कुरकुरे नेलेत तर रिकामी पाकिटं मोजून परत आणा, तिथं आधीच पुरेशी आहेत. चपला नकोत, मागं पट्टा असलेले जुने बूट. नकाशा घरीच उतरवून घ्या. रेंज गेली तरी जीपीएस चालतं, नकाशा मात्र कोरा दिसतो.

जेवून दोनच्या सुमाराला गोकाक. धबधब्याच्या वरच्या अंगाला घटप्रभेवर झुलता पूल आहे, उघडा असला तर तो धरून चालायची मजा पोरांना विसरता येत नाही. बंद असला तर वाद घालू नका. काठावर जुनं महालिंगेश्वराचं देऊळ आहे. पलीकडं कापडगिरणी आहे. याच धबधब्याच्या जोरावर इथं १८८७ साली वीज तयार झाली. भाच्याला विचारा, त्या वर्षी पुण्यात दिवे कशाचे होते. इथं डबा लपवू नका, गर्दी असते आणि कडा सरळसोट आहे. मुलांचा हात धरा, कठड्याच्या अलीकडूनच बघा, फोटोसाठी पाठ पाण्याकडं करून मागं सरकणारा माणूस दिसला तर त्याला हाक मारा. जाताना गावात करदंट घ्या, तिथला डिंक-सुक्यामेव्याचा तो पदार्थ परतीच्या वाटेवर पोरांना जागं ठेवतो.

आणि निघण्यापूर्वी डबे मोजा. मागच्या ऑक्टोबरात आमचा एक राहिला. पुढच्या रविवारी मी एकटाच परत गेलो तर झाडाजवळ काही नव्हतं. तसाच टपरीवर चहाला थांबलो, तर डबा फळीवर, चहाच्या ग्लासांच्या शेजारी ठेवलेला. वहीत अकरा नवी नावं, सगळी कानडीत, आणि लाकडी वांग्याच्या जागी एक काचेची गोटी.